दोरीवरचा मास्क

सकाळी धुतलेला मास्क बाल्कनीतल्या दोरीवर वाळतो आहे. त्याची नळी वाऱ्यानं हलते. आमची ही गेल्यापासून दोरीवर दुसऱ्या कुणाचं काही नसतं.

वर्षभर सर्दी-खोकला पाठ सोडत नव्हता. "झोपेत श्वास थांबतो का?" डॉक्टरांनी विचारलं. "शेजारी झोपणाऱ्यांना कळतं ते," ते म्हणाले. मी एकटाच असतो, असं सांगितलं. मग त्यांनी समजावलं, की शरीर रात्रभर श्वासासाठीच झगडलं, तर आजाराशी लढायची त्याची ताकद कमी होते. मी आपला समजत होतो, घोरतो म्हणजे गाढ झोपतो.

त्यांनी दिलेल्या, झोपेत हवा पुरवणाऱ्या यंत्राचा मास्क लावून पहिल्यांदा झोपलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात शेजारच्या जोशीबाई.

"बरे आहात ना? रात्री तुमचा आवाज आला नाही, म्हणून आले."

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. इतकी वर्षं माझा श्वास कुणीतरी ऐकत होतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

आता त्या निर्धास्त झोपत असतील. माझा खोकलाही गेला. तरी मास्क चढवण्याआधी मी भिंतीकडे तोंड करून एकदा खोकतो.