निवेदनाचा तिसरा परिच्छेद

इराकच्या युद्धाविरुद्ध मोर्चे काढता काढता आम्ही पत्रकं लिहायला शिकलो. एक पान, एक माणूस, एक अन्याय. ब्रिटिश वसाहतींतल्या जुन्या भारतीय नोकरांच्या पेन्शनच्या मोहिमेसाठी माझा माणूस घरातच सापडला. लंडनजवळ इल्फर्डला राहणारे आईचे मामा. मीही त्यांना मामाच म्हणायचे.

त्यांनी पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश सरकारची कारकुनी केली होती. पगाराच्या तीन पायऱ्या. वर गोरे, मध्ये आपण भारतीय, खाली आफ्रिकन. काम तेच, दाम कातडी बघून. म्हातारपणीची पेन्शनही त्याच मापाने. पगारांच्या फेरतपासणीला लंडनहून समिती आली, तेव्हा मामांनी आपल्या कारकुनांच्या वतीने निवेदन लिहिलं. त्याची प्रत मी अर्काइव्हमधून काढली. समान कामाला समान दाम मागणारे पहिले दोन परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. तिसऱ्यात लिहिलं होतं की आफ्रिकन कारकुनांची मागणी आमच्याशी जोडू नये, त्यांच्या गरजा कमी असतात.

तो मी गाळला आणि पत्रक सहीला नेलं.

मामांनी भिंग लावून वाचलं. "तिसरा कुठाय?"

जागा पुरली नाही, मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस."

मग मी चिडलेच. "पायऱ्या इंग्रजांनी पाडल्या, मामा. तुम्ही नाही."

"पायऱ्या त्यांच्या. वाक्य माझं. कुणी सांगितलं नव्हतं मला."

मग मामांनी हळूहळू सगळं सांगितलं. ऑफिसात सगळ्यात चांगलं टायपिंग शेजारच्या टेबलावरच्या आफ्रिकन कारकुनाचं. निवेदन त्यालाच दिलं होतं. त्याने तिन्ही परिच्छेद एकही चूक न करता टाइप केले, प्रतींना टाचण्या लावल्या आणि विचारलं, आणखी काही आहे का. मामा नाही म्हणाले. पुढे कित्येक वर्षं दोघं शेजारी बसले. तो विषय कधीच निघाला नाही.

मी तिसरा परिच्छेद घालून पत्रक पुन्हा केलं. मामांनी सही केली.

मोहिमेच्या कमिटीत सगळे म्हणाले, सरकार हाच परिच्छेद आपल्या तोंडावर मारेल. पत्रक ठेवण्यावर मतदान झालं. इतरांना भित्रे म्हणायची सवय असलेली मी, हात वर न करता बसून राहिले. पत्रक रद्द झालं.

मामांना जाऊन खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत.

"मग माझी सही परत दे."

मी कागद दिला. त्यांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि चहा टाकायला उठले.

सहीसाठी दुसरे एक आजोबा आम्हाला आठवड्याभरात मिळाले. त्यांनी काही वाचायला मागितलं नाही.