पहिला हात घरचा

"हात मागं घे. रांगोळीच्या आत यायचं नाय."

मालक हे मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांना मोठ्यानं बोलावं लागतच नसे. पेणहून वडखळकडे जाताना लागणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये त्या सकाळी पंधरा-वीस माणसं उभी होती. मधोमध पत्रा कापायचं नवं कोरं सीएनसी मशीन. त्याला झेंडूचा हार, पॅनेलच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक आणि सभोवार रांगोळीची रेघ. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. पुढे गेलेला हात तसाच हवेत राहिला.

"नव्या मशीनला पहिला हात घरचा लागतो," मालक म्हणाले. "तू बाहेरून सांग. पराग जोडेल."

पराग म्हणजे त्यांचा पुतण्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सांगायला तोंड पुरतंय की. हात कशाला?" माणसं हसली.

मी हात मागे घेतला. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या मागे घेतलेल्या हातामुळे झालं.

मी निडीजवळच्या कातकरी वाडीतला. घरातला पहिला शिकलेला. आश्रमशाळेत सरांनी मला तुटक्या रेडिओवर डाग द्यायला शिकवलं. स्वतःच्या पगारातून सोल्डरिंग गन आणून दिली. पुढे रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालो. आई वीटभट्टीवर होती. निकाल कळला तेव्हा तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले आणि मग मार्कशीट धरली. या माणसांचे उपकार मी विसरत नाही. माझी चूक एवढीच, की मालकांनाही मी त्याच माणसांत धरत होतो. त्यांनी मला काम दिलं होतं. चार वर्षं मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो आणि त्याला कृतज्ञता म्हणत राहिलो.

त्या चार वर्षांत जुन्या मशीनच्या ग्रीसमध्ये माझेच हात होते. नासलेलं, अडलेलं, शॉक देणारं सगळं माझ्याकडे यायचं. आदल्या वर्षी नवा कंप्रेसर आला, तेव्हा पहिला हात एका फिटरनं लावला. तो काही मालकांच्या घरातला नव्हता. वाडीवरचा नव्हता, इतकंच.

नव्या मशीनची जोडणी कशी करायची ते मीच काढलं होतं. सकाळच्या गाडीत, निडी ते पेण, गुडघ्यावर वही ठेवून. गोष्ट अवघड नाही. मशीनचं डोकं म्हणजे कंट्रोलर. त्यातून बारीकसा चोवीस व्होल्टचा हुकूम निघतो. प्लाझ्मा कटरच्या टॉर्चला हातानं दाबायचं बटण असतं. बटण दाबलं की निळी ज्योत निघते आणि लोखंड लोण्यासारखं कापते. कंट्रोलरची तार थेट त्या बटणाला जोडायची नसते, बोर्ड जळतो. मध्ये रिले बसवायचा. हुकूम आला की रिले टक् करतो आणि बटणाच्या दोन तारा एकमेकींना भिडवतो, जणू कुणी बोटानं बटण दाबलं.

रिलेवर तारांसाठी तीन जागा असतात. मधली सामाईक. एका बाजूची एनओ, म्हणजे एरवी उघडी. दुसऱ्या बाजूची एनसी, म्हणजे एरवी भिडलेली. टॉर्चची तार एनओलाच लावायची. चुकून एनसीला लागली, तर कुणी हुकूम न देताच टॉर्च पेटणार. वहीत मी एनओभोवती तांबड्या पेनानं दोनदा गोल केला होता.

वही परागच्या हातात दिली. मी रेघेच्या अलीकडे, सहा फुटांवर. पॅनेलचं दार आडवं, आतलं काही दिसेना.

"एक तार मधल्या जागेला. दुसरी एनओला."

"लावली."

"एनओलाच ना?"

"कळतं मला. डिप्लोमा काय रद्दीत घेतला नाय."

पुन्हा हशा. मी मालकांना म्हणालो, "शेठ, चालू करण्याआधी मीटर लावून तारा नीट लागल्यात का बघू. एक मिनिटाचं काम."

"मुहूर्त टळतोय," मालक म्हणाले. "तुझं मीटर नंतर."

रेघेच्या आत, मशीनच्या टेबलावर टॉर्चखाली लहूकाका पत्रा सरळ करत होता. लहूकाका आमच्याच वाडीचा. मी आश्रमशाळेत निघालो तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन तीन मैल चाललेला. मीच त्याला या कामावर आणलं होतं. टेबलाशी उभं राहायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. जड पत्रा उचलायला घरचा हात लागत नाही. तो मला बघून हसला. "काय रं सायेब, आमची चूल फुंकणीनं पेटतं. तुजी ही कशानं पेटतं?"

मी उत्तर देणार होतो. तेवढ्यात नारळ फुटला आणि परागनं मेन स्विच वर केला.

आत टक् असा आवाजही झाला नाही. तो ऐकायला मी कान लावून होतो. नुसती हवा सुसाटली आणि टॉर्च पेटली. लहूकाकाचा उजवा हात तिच्याखाली होता.

मी ओरडलो. रांगोळीवरून धावलो. तेव्हा मला कुणीही अडवलं नाही.

दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं. पेणच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर काकानं मला जवळ बोलावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पोरा, तू बराबर सांगितलंवतंस ना?"

"व्हय, काका."

"त्यानं चुकीचं केलं तर, असं वाटत व्हतं तुला?"

"व्हय."

"मंग गप का बसलास?"

शेठनी नोकरी दिली म्हणून? माणसं हसली म्हणून? सहा फुटांवर काकाचा हात होता आणि मी एका पांढऱ्या रेघेचा मान राखत होतो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. 'माझ्या चुकीच्या सांगण्यामुळे अपघात झाला.' खाली माझ्या सहीची जागा.

"सही कर. काम चालू राहील तुझं. लहूचं पण बघू काय ते," मालक म्हणाले. पराग खिडकीबाहेर बघत होता. "आणि तोंड तुझंच होतं ना? हात काय, तू सांगशील तसा चालणार."

मी कागद उचलला नाही. माझ्या बॅगेतून मीटर काढलं आणि बाहेर आलो. मालक मागून, "कुठं चाललास?" रांगोळी अजून होती, काल धावताना मोडलेली एक बाजू सोडून. मी मुद्दाम न मोडलेल्या बाजूनं आत गेलो. मेन बंद आहे ना बघितलं. पॅनेल उघडलं. सगळे कामगार हातातलं काम टाकून बघत होते.

मीटरच्या तारेचं एक टोक रिलेच्या मधल्या जागेवर ठेवलं. दुसरं, परागनं तार लावली होती त्या जागेवर.

बीप.

बंद मशीनमध्ये तारा भिडलेल्या होत्या. एनसी. काल मागितलेलं ते एक मिनिट, ते एवढंच होतं. वही पॅनेलमध्येच पडली होती. तांबडे गोल वर करून मी ती सगळ्यांना दाखवली. मोबाइलवर फोटो काढले. तार हलवली नाही.

"आता बोला शेठ," मी म्हणालो. "कुणाचा हात?"

"वाडीवरच्यांना डोक्यावर घेतलं, ही माझीच चूक," मालक म्हणाले.

"डोक्यावर नाय घेतलंत. रेघेबाहेर उभं केलंत."

वही घेऊन मी निघालो. त्या दिवसापासून ती नोकरी नाही.

कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार दिली आहे. फोटो जोडले, वहीचं पान जोडलं. लहूकाकाचा जबाब मी लिहून घेतला. काकानं डावा हात पुढे केला. "ह्यो अंगठा लाव. ह्यो तरी हाय अजून." मग माझ्या जबाबात मी माझंही लिहिलं, की धोका मला ठाऊक होता आणि एकदा सांगून मी गप्प बसलो. ते गाळलं असतं तर मीही त्यांच्यातलाच.

परागचं नाव लिहिलं. मालकांचं नाव लिहिलं. कुणी ते खोडायला सांगितलं, तर पुन्हा लिहीन. आणि जिथे माझं डोकं हवं पण हात नको, तिथे यापुढे तोंडही उघडणार नाही. तार मी जोडीन, मीटर मी लावीन, मगच स्विच वर जाईल. हे ज्याला चालत नाही, त्याचं मशीन बंद राहू दे.