आखाजीचा प्लॅटिनम

माझ्या वयाच्या बाया जळगावात संध्याकाळी देवळात जातात, नाहीतर मालिका बघत बसतात. मी बंदूक घेऊन पळते, मोबाइलमध्ये. नवऱ्याने पोरखेळ म्हणून नाक मुरडलं, शेजारीण माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावते, मुलीने तर मैत्रिणींना सांगायचंच नाही अशी तंबी दिली आहे. हसा म्हटलं. ज्यांचं माहेर जागेवर आहे त्यांना हसायला काय जातं.

माझं माहेर धुळ्याचं. भाड्याचं घर होतं. आई गेली, दिवसपाणी झालं, धाकट्या भावाने किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि तो सुरतेला कापड मिलमध्ये कामाला लागला. संपलं माहेर. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, गाणी म्हणतात, आणि निघताना भाऊ काहीतरी हातावर ठेवतोच. बहिणीला रिकाम्या हाताने पाठवलं तर भाऊबंदात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी शिलाई मशीनवर बसून राहिले आणि दिवसभर जो समोर आला त्याच्यावर खेकसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भावाने हा खेळ माझ्या मोबाइलवर टाकायला लावला. आपले पाच, समोरचे पाच. आमच्यात भाऊ, साक्रीचा चुलतभाऊ, भावाच्या खोलीवर राहणारे दोघे आणि मी. संध्याकाळी भाऊ कामावरून आला की हेडफोनमध्ये आवाज यायचा, "अक्का, ये ना, बठ्ठा वाट दखी राहिनात." सगळे वाट बघतायत. बाई म्हणून जन्माला आल्यापासून मला हे वाक्य दुसऱ्या कुणी कधी म्हटलेलं नाही. माझ्या कुकरची शिट्टी झाली की ती चौघांना ऐकू जायची आणि चुलतभाऊ गोळ्या झाडता झाडता विचारायचा, आज काय शिजतंय. आई गेल्यापासून मला हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. खेळ गेला चुलीत, मी त्या प्रश्नासाठी जायचे.

पण त्या खेळात डोंबलाचा रँक असतो. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. समोर माणसंही तुमच्या तोडीचीच येतात, खेळच ती शोधून आणतो. आणि नियम असा की एका संघातल्या माणसांत एका पायरीपेक्षा जास्त अंतर चालत नाही. अंतर वाढलं की संघच उघडत नाही. ज्याने हा नियम केला त्याला बहीण नसणार.

भाऊ भराभर डायमंडला पोहोचला, बाकीचे प्लॅटिनमला. मी गोल्डमध्ये अडकले. वर्षानुवर्षं कात्री धरून माझ्या अंगठ्यांचे सांधे सुजले आहेत. डॉक्टर म्हणाले, कात्री कमी करा. ब्लाऊज काय दातांनी कापू? त्याच अंगठ्यांनी मोबाइल चालवायचा, तर मला बंदूक वळवायला लागेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून यायचा. चार दिवस ते माझ्यासाठी बिनरँकचा साधा खेळ खेळले. पण त्यांचं मन नव्हतं त्यात, हे मला आवाजावरून कळायचं. पाहुणीची मर्जी राखावी तसं चाललेलं. मग एकाची शिफ्ट बदलली, एकाला काम निघालं, आणि मला समजायचं ते समजलं.

आखाजी जवळ आली तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, तुझ्या खेळाच्या खात्याचा ओटीपी सांग आणि काही दिवस खेळ उघडू नको. मी सांगितला. आखाजीच्या सकाळी घागर भरून झाली, आईच्या नावाने घास काढून ठेवला आणि त्याचा मेसेज आला, उघड आता. उघडलं तर माझ्या नावापुढे प्लॅटिनमचा बिल्ला. कामावरून आल्यावर रोज तो माझ्या नावाने खेळत बसला होता, एकटा. "हाई तुनी आखाजी शे, अक्का," तो फोनवर म्हणाला. बहिणीची बोळवण म्हणून साडी दिलेली ऐकली आहे, भांडं दिलेलं ऐकलं आहे. रँक मिळालेली मीच पहिली. मी ओट्याला धरून रडले आणि मुलगी विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

त्याच संध्याकाळी आम्ही पाच जण पुन्हा एकत्र खेळलो. मी शंभर पावलंही टाकली नसतील, मेले. कुठून गोळी आली ते कळलंसुद्धा नाही. दुसरा डाव, तेच. खेळाच्या हिशेबाने मी आता प्लॅटिनमची होते ना, मग तो समोर तशीच माणसं आणणार. माझे अंगठे काही त्याने चढवले नव्हते.

मेल्यावर पडद्यावर जिवंत साथीदाराला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. मी भावाचं बघायचे. तो कसा दबकत जातो, दाराआड कसा थांबतो. खरं सांगते, मला मरायला काहीच वाटत नव्हतं. मी जन्मभर तशी मरून त्याचा खेळ बघत बसले असते. पण माझ्यामुळे ते पाचाचे चार होत होते. रोज हरत होते. एकदा खोलीवरचा एक जण वैतागून म्हणाला, "यार, ताई को बोल ना, कोने में बैठे." भाऊ त्याच्यावर ओरडला नाही. हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

मग त्यानेच मला समजावलं, "तू नुसती बोलत ऱ्हाय अक्का, खेयू नको." नुसती बोलत राहा. माझ्या जागी त्यांनी मिलमधला एक मुलगा घेतला. मी फोनवरून जोडलेली असायचे. पण खेळताना कोण कुणाशी बोलतं? डावीकडे, उजवीकडे, वरती, मार, एवढंच. मी आमटीचं सांगायला लागले की मध्येच कुणीतरी ओरडायचं. एकदा फोन कटला. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी बराच वेळ वाट बघितली आणि पोळ्या करायला घेतल्या.

तरी एक आशा होती. कुणी गैरहजर असलं की भाऊ मला बदली म्हणून बोलवायचा. त्यासाठी बिल्ला टिकायला हवा, प्लॅटिनमच्या खाली गेले की दार बंद. न खेळता गप्प बसावं तर तेही नाही, फार दिवस खेळ उघडला नाही की रँक आपोआप घसरतो. म्हणून मी अधूनमधून एकटीच, अनोळखी चौघांबरोबर एखादा डाव खेळायचे आणि बहुतेक हरायचेच. बिल्ला कसाबसा काठावर आला होता. कपाळ माझं, मी नवसाला बसावं तशी त्या बिल्ल्याला जपत होते.

एका संध्याकाळी असाच डाव लावला. समोरच्या संघाची नावं आली आणि मी ती दोनदा वाचली. भाऊ, साक्रीवाला, खोलीवरचे दोघे, मिलमधला मुलगा. खेळाला काय कळतं, त्याच्या लेखी आम्ही एका तोडीचे. ती तोड भावानेच तर करून दिली होती.

एका गोदामात तो माझ्यासमोर आला. माझं नाव त्याला दिसलं असणार, कारण तो थांबला आणि दोनदा खाली बसून उठला. खेळात नमस्कार असाच करतात. मला इतका आनंद झाला की मी बंदूक खाली घेतली आणि तशीच बसून उठले. दुखऱ्या अंगठ्यांनी ते नीट जमलंही. मग त्याने गोळी घातली.

डाव संपल्यावर त्याचा मेसेज आला, "ती तूच व्हती ना अक्का? रँकना गेम व्हता वं." रँकचा खेळ होता, दुसरं काय करणार. मी लिहिलं, नेम चांगला शे तुना. तेवढ्यात पडद्यावर माझा बिल्ला उतरला आणि पुन्हा गोल्ड आला.

दुसऱ्या दिवशी मिलमधला मुलगा गावी गेला होता. भावाने मला बोलावणं पाठवलं. हा खेळाडू या संघात बसत नाही, असं उत्तर त्याला खेळानेच दिलं. त्याने लगेच फोन केला. मागे बाकीच्यांची घाई ऐकू येत होती.

"अक्का, तू खाले कशी काय गयी?" भावाने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.