माझ्या बोलीत आलेली मरीआई

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. लग्न होऊन वसमतला आले तेव्हा मला मराठी येत नव्हती. माहेर निजामाबादकडचं, घरात तेलुगू. वडील हळद घेऊन वसमतच्या बाजारात यायचे, तिथंच सोयरीक जमली. राजा एकच, पण मला परमुलखात आल्यासारखं वाटायचं. विहिरीवर बायका माझं बोलणं ऐकून फिदीफिदी हसायच्या. मीही फणकाऱ्याची, हसतात ना, मग बोलतच नाही! पण खरं सांगते, बोलायला माणूस नसणं फार वाईट. जात्यावर बसले की मनातल्या मनात माझ्या बोलीत गाणी रचायचे आणि पीठ भरून उठायचे. देवाशीही अबोलाच होता. इथल्या देवाला माझं काय कळणार?

थोरलं पोरगं नुकतं चालायला लागलं होतं, तेव्हा त्याला देवी आल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद झाली. अशा वेळी आईनं उशाशी बसून देवीची गाणी म्हणायची, तिला गोडीगुलाबीनं निरोप द्यायचा, अशी रीत. इथली गाणी मला येईनात. आमच्याकडचं एक म्हणायला लागले तर सासूबाई घाबरल्या. “ते नको ग माय. देवीला समजलं न्हाई अन् कोपली तर? लेकरू हातचं जाईल.” त्या वाईट नव्हत्या, नातवासाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. मी तोंड मिटलं. पोराचे डोळे फोडांनी चिकटले, पाणीही गिळेना. शेवटी मी हात टेकले. देवीला म्हटलं, आई, मला मागताही येत नाही. ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने.

त्याच दुपारी दारात ढोल वाजला. डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली बाई उभी होती. सासूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं. तिनं मागं वळून नवऱ्याला ढोल थांबवायला सांगितलं, आणि ते तेलुगूत! मी धावत बाहेर गेले, रडत रडत काय काय बोलले देव जाणे.

“ए ऊरम्मा नीदी?” तिनं विचारलं. कुठल्या गावची ग तू? सासरी आल्यापासून माझ्या बोलीत मला कुणी काही विचारलं नव्हतं.

सासूबाई बघतच राहिल्या. “अगं बाई, तुमी देवीपुढं हेच बोलता व्हय?”

“हेच बोलतो, माय. आमच्या घरची बोलीच ही.”

देव्हारा उंबऱ्याशी ठेवून ती गाऊ लागली. आमच्याकडचंच गाणं. मीही पहिली ओळ धरली, पण सासूबाईंकडे बघून थांबले.

“काहून थांबलीस?” सासूबाई म्हणाल्या. “म्हण की!”

मी म्हटलं. संध्याकाळी पोरानं दोन घोट पाणी घेतलं. एक डोळा अधू झाला, पण पोरगं राहिलं.

ती बाई जवळा बाजार गावाच्या वाटेनं गेली, पुन्हा कधी दिसली नाही. माझ्या बोलीचं एक माणूस आलं, तेही गेलं. मी परत एकटीच. फिरस्ती बाई, ती येणारच होती, असं कुणी म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालत नाही. आईनं माझं ऐकलं, तिचे उपकार फिटायचे नाहीत. आता जी बोली ओठावर येईल तीच तिच्या पायाशी ठेवते.

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून त्यांच्या आवडीची मराठी गाणी म्हणायला लागले, तर त्यांनी मान हलवली.

“हे न्हाई. तुझं म्हण, तिकडचं. समजत न्हाई मला, पण ते ऐकलं की आई जवळ बसल्यावानी वाटतं.”