रोजचं पाणी

राजूरच्या ग्रामपंचायतीने बरीच खटपट करून गावात पहिला फोन आणला. त्याला आपल्याच कचेरीत जागा दिली आणि आलेले निरोप घरोघर पोचवायला एक शिपाई नेमला. सगळे त्याला फोनवाला म्हणत. नाव मीही कधी विचारलं नाही.

मी तिथे शाळामास्तर होतो. हा गृहस्थ रोज सकाळी माझ्या ओट्याशी यायचा, टोपी काढून काखेत धरायचा आणि पाणी मागायचा. दोन घोट प्यायचा, की शेजारच्या दारात पुन्हा पाणी! याला घरी पाणी देत नाहीत की काय? शेवटी न राहवून मी विचारलंच.

"गुरुजी, फोन येतो त्यो बहुतेक वाईटच. मला नुसतं येताना बघून बाया रडाया लागायच्या. म्हून आता रोजच समद्यांकडं जातो. सवय झाली की मानूस घाबरत न्हाई."

हे काम काही त्याला पंचायतीने सांगितलेलं नव्हतं.

पुढे एका सकाळी तो नेहमीसारखा आला. टोपी काढली, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्याने तो तोंडाला न लावता माझ्यापुढे धरला.

"आज आदी तुमी प्या, गुरुजी."