टोल्यावरची पहिली कुपी

कोरोनाची लस घ्यायची पाळी सगळ्यात आधी आमच्यावर, म्हणजे दवाखान्यातल्या लोकांवर आली. थंडी सरत आली होती. अहेरीच्या दवाखान्यात आम्ही नर्सबाया खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. आजवर किती लेकरांच्या दंडाला मी सुई टोचली असेल, पण त्या दिवशी माझ्याच दंडाला कापूस लागला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

आदल्या संध्याकाळी नागभीडहून आईचा फोन आला होता. "तू पहिले काऊन घेते? दुसऱ्यांले घेऊ दे ना आधी, मंग पाहू," असं तिचं म्हणणं. मी तिला ठणकावून सांगितलं की आम्हीच घाबरलो तर लोक काय करतील. फोन ठेवला आणि मग एकटीच भांडी घासत बसले, घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली. लस घेतल्यावर अंग थोडं कसकसलं, दुसऱ्या दिवशी मोकळं झालं. आईने विहारात मेणबत्ती लावली होती, ते तिने नंतर सांगितलं.

उन्हाळा लागला तशी पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांसाठी लस खुली झाली. माझं उपकेंद्र अहेरीच्या पुढे, जंगलाच्या आत. तिथून गावोगाव आणि टोल्याटोल्यावर, म्हणजे जंगलातल्या लहान लहान वस्त्यांवर, जायचं. सोबत भाड्याची जीप आणि तिचा ड्रायव्हर. तो अहेरीचाच, वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान, वय पन्नाशीच्या अलीकडे. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला सिस्टर. ते दिवस रमजानचे होते. एवढ्या उन्हात पाण्याचा घोटही न घेता तो दिवसभर गाडी चालवायचा आणि वर मलाच विचारायचा की तुमची बाटली भरून घेतली ना.

सडकेवरच्या गावांमध्ये हळूहळू का होईना, लोक येत होते. नदीपलीकडचा एक टोला मात्र हाती लागत नव्हता. उन्हाळ्यात नदी कोरडी असते, रेतीतून जीप जाते. पहिल्यांदा गेलो तर टोल्यावर माणूस नाही. चुलीत विस्तव, चुलीवर गंजात शिजणारा भात, आणि अंगणात फक्त कोंबड्या. गाडीचा आवाज ऐकूनच लोक टोल्याच्या पुजाऱ्यामागोमाग जंगलात शिरले होते. दुसऱ्यांदाही तेच. टोल्यावरची आशाताई, म्हणजे आरोग्याची कार्यकर्ती, तिथलीच सून. तिने स्वतः लस घेतली होती, गोंडीत सगळ्यांना समजावून तिचा घसा बसला होता. ती रडकुंडीला येऊन म्हणाली की लोक म्हणतात, सुई घेतली की माणूस वर्षाच्या आत मरते, मले विचारतात तू अजून कशी जिती हायेस.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारी पळाली नव्हती. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती त्यांच्याजवळ बसून हाताने पसरवत होती. आशाताई मला हळूच म्हणाली की टोल्यावरचं लग्न असो की भांडण, हिच्याशिवाय काही निपटत नाही. मी हात जोडून जोहार केला. तिने मान हलवली आणि बसायला खाट दाखवली.

मी लसीचं बोलायला सुरुवात केली, नेहमीचं, पाठ झालेलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि मग गोंडीत बराच वेळ बोलली. आशाताईने सांगितलं ते असं. आदल्या वर्षी तिच्या दिराला ताप आला, श्वास लागला. गाडी आली आणि त्याला दूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. नंतर निरोप आला की तो गेला. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडेच माती दिली. तोंड पाहायला मिळालं नाही, त्याचं काहीही रीतीप्रमाणे करता आलं नाही. तो नक्की कुठे आहे ते घरच्यांना आजही ठाऊक नाही.

आतापर्यंत मी तिच्या भीतीला अडाणीपणा समजत आले होते. ती ज्याला भीत होती, ते खरंच घडलेलं होतं.  

मग ती माझ्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाली, "सुई घेतली, ताप आला, तं मले बी नेशील? प्लास्टिकात?"

"कुठी नाई नेणार," मी म्हणाले. "ताप येईन. मले बी आला होता. तुझा ताप उतरेपर्यंत मी इथीच बसतो, तुझ्या अंगणात."

 तिने विचारलं की तू घेतली का. मी सांगितलं, दोन्ही डोस घेतले. मग तिने जीपला टेकून उभ्या असलेल्या भाऊंकडे बोट केलं.

"तू?"

भाऊ खाली बघायला लागले. आठवडेच्या आठवडे हा माणूस माझ्यासोबत लसीचा डबा घेऊन फिरत होता. वय बसत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं, त्याने घेतली असणार असं गृहीत धरलं होतं.

"नाई घेतली, मावशी," ते म्हणाले.

मला इतका राग आला की मी तिथेच बोलून गेले, आता ह्या बाईला मी काय तोंड दाखवू. भाऊ म्हणाले, घरी विचारतात तेव्हा रोजा आहे म्हणून सांगतो. मग पुढे म्हणाले, "मौलानासाहेबांनी तं सांगतलं का सुईने रोजा तुटत नाई. रोजा नव्हता, सिस्टर. डर होता. दोन पोरी हायेत मले."

आशाताईने ते म्हातारीला गोंडीत सांगितलं. ती हसली. दात थोडेच उरलेले, पण हसणं भरपूर. एवढा मोठा गडी, रोज हा डबा वाहतो आणि डब्यालाच भितो, असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण आशाताईही तोंडाला पदर लावून हसायला लागली. कुंपणाआडूनही हसू आलं. तेव्हा मला कळलं की टोला रिकामा नाही, लोक झाडाझुडपांतून आमच्याकडे बघत आहेत.

"त्याले दे," म्हातारी म्हणाली. "मंग मले."

एक कुपी दहा जणांची. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. आणि लस वाया घालवू नका, असं आम्हाला रोज बजावलेलं. तेव्हा शहरात लोक लसीसाठी पहाटेपासून रांगा लावत होते, आणि मी दोन माणसांसाठी कुपी उघडायला निघाले होते.  तरी मी कुपीचं झाकण काढलं.

भाऊंनी शर्टाची बाही वर केली आणि तोंड फिरवून नदीकडे बघत राहिले. म्हातारीने मात्र सुईकडे बघत लस घेतली. नंतर कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने काही बोलली. कोणी आलं नाही. चार तास मी वाट पाहिली आणि उरलेली लस वाया गेली.

संध्याकाळी निघायचं तर भाऊंना हुडहुडी भरली. स्टेअरिंग धरवेना. डब्यातला बर्फ विरघळायच्या आत न उघडलेल्या कुप्या परत पोचणं गरजेचं होतं. आशाताईच्या नवऱ्याने डबा मोटरसायकलवर बांधला आणि उजेड असतानाच आरोग्य केंद्राकडे निघाला. तिथल्या डॉक्टरांना निरोपही त्याच्याकडेच दिला.

सूर्य बुडाला तेव्हा म्हातारीच्याही अंगात ताप होता. तरी ती आत जाऊन ओंजळभर पिकलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि तांब्याभर पाणी घेऊन आली आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवलं. दिवसभर काही न खाल्लेल्या माणसाने आधी खावं, एवढंच तिला कळत होतं. भाऊंनी टेंभरांवर रोजा सोडला. मग दोघं शेजारशेजारच्या खाटांवर आडवी झाली, आणि मी मधे बसले. टोल्यावरची माणसं आता लपत नव्हती. कुंपणापलीकडे उभी राहून बघत होती, एकमेकांशी बोलत होती. त्यांच्या भाषेतलं मला थोडंच कळत होतं, पण नजर कळत होती.

सकाळी भाऊ उठून बसले, ताप उतरलेला. म्हातारीचा मात्र उतरला नव्हता. मी पुन्हा गोळी दिली, ओल्या फडक्याने अंग पुसलं. ऊन चढत गेलं तशी अंगणातली गर्दी वाढली आणि बोलणं कमी होत गेलं. ताप लसीचाच आहे आणि तो जाणार, हे मला माहीत होतं. पण त्या गर्दीच्या मधोमध बसलेलं असताना आपलंच ज्ञान आपल्याला पुरत नाही. हिला काही झालं तर हा टोला पुन्हा कुठल्याच दवाखान्याचं तोंड बघणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, दुवा मागत असावेत.

मग तिच्या कपाळावर घाम आला. मानेवर आला. मी हात लावला तर अंग थंड होत होतं. तिने डोळे उघडले आणि आंबील मागितली. कोणीतरी भोपळ्याच्या तुंब्यातून आणली, म्हातारी ती थांबत थांबत सगळी प्यायली. मग तिने अंगणातल्या मोहफुलांकडे बघून घरच्या सुनेला झापलं की उन्हं वर आली तरी फुलं वेचायला कोणी गेलं कसं नाही. आणि टोपली उचलून निघाली.

त्या गर्दीतून ती टोपली घेऊन चालत गेली ते मी अजून विसरलेले नाही. लोक बाजूला होत होते. वाटेत थांबून ती गोंडीत बोलली, आणि आशाताईने मला ते मराठीत सांगितलं. म्हातारी म्हणाली होती: ताप माझ्या अंगात आला, माझ्याच अंगणात गेला. मला कोणी नेलं नाही.

परत आल्यावर डॉक्टरांना मी वाया गेलेल्या लसीचं आधी सांगून टाकलं. ते वयाने माझ्याहून लहान, रागावले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी सगळी हकीगत ऐकली आणि म्हणाले, पुढच्या खेपेला कुप्या जास्त न्या.

पुढच्या खेपेला नदीच्या रेतीतून वर चढलो तर गोटुलाजवळ माणसंच माणसं. गोटूल म्हणजे टोल्याची बैठकीची जागा. आत सारवलेलं होतं, माझ्यासाठी लाकडी बाज ठेवली होती. म्हातारी दारातच बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विचारून मगच आत सोडत होती. आशाताई म्हणाली, ती विचारते आहे की जेवून आलास का, उपाशीपोटी सुई घ्यायची नाही. पलीकडच्या टोल्यांवरूनही लोक चालत आले होते. ज्या पुजाऱ्याने पहिल्या दिवशी सगळ्यांना जंगलात नेलं होतं, त्यानेही सदऱ्याची बाही वर केली. भाऊ बाहेर झाडाखाली बसून ज्यांना भीती वाटत होती त्यांना आपला दंड दाखवत होते. माझे हात दुखून आले, आणि कुप्या संपल्या तरी माणसं उरली. उरलेल्यांसाठी दोन दिवसांनी परत गेलो.

नंतर दोन डोसांमधलं अंतर वाढवल्याचा आदेश आला. मी पेरणीच्या आधी येते असं सांगून बसले होते, आता भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, उरकल्यावर यावं लागणार होतं. लोकांना वाटेल ही फसवते. म्हणून पाऊस लागण्याआधी मुद्दाम जाऊन तेवढंच सांगून आले. म्हातारीने फक्त विचारलं की नदी भरल्यावर तू येशील कशी. मी म्हणाले, डोंगा पाठव.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी नदी दोन्ही काठांना लागली होती. वरून पाऊस सुरूच. मी सकाळपासून मनाची तयारी करत होते. मला पोहता येत नाही, आणि त्या पाण्यात लाकूड कोरून केलेल्या डोंग्यात बसायचं म्हणजे जीव मुठीत घेणंच. जीप चिखलात रुतत रुतत काठाशी पोचली.

काठावर लोक उभे होते, आमच्या बाजूच्या काठावर. मेणकापडं पांघरून, बांबूच्या छत्र्या धरून, कोणी झाडाच्या बुंध्याला चिकटून. म्हातारे, म्हाताऱ्या, बाया. सकाळपासून डोंगे ये-जा करत होते आणि लोकांना इकडे आणून सोडत होते. भाऊंनी गाडी बंद केली. मग म्हातारी काचेजवळ आली, काचेवरचं पाणी हाताने पुसलं आणि आत डोकावून म्हणाली, "तुले पोहता येत नाई म्हणते ही आशा. म्हणून आमीच आलो."

जीपच्या मागच्या बाजूला ताडपत्री ताणून आम्ही आडोसा केला. पावसाच्या आवाजात नावं ओरडून विचारावी लागत होती. एकेक जण येत होता, आपण होऊन बाही वर करत होता, थोडा वेळ ताडपत्रीखाली बसत होता आणि मग डोंग्यात बसून परत जात होता. शेवटी म्हातारी आली. टोचून झाल्यावर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला ताप आला तर मी येणार कशी, असं मी म्हणाले, तर तिने हात झटकला. आता ताप कसा असतो ते तिला माहीत होतं.

शेवटचा डोंगा मधल्या धारेत शिरला, तिरका झाला, मग सरळ होऊन पलीकडे लागला. तिथून कोणीतरी हात हलवला. भाऊंनी जोरात हॉर्न वाजवला, आणि पलीकडून आरोळी आली.

केंद्रात पोचलो तेव्हा कपडे निथळत होते. मी डबा उघडून डॉक्टरांसमोर ठेवला. त्या टोल्यातलं कोण राहिलं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, मी म्हणाले. ते खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटले. आत चहा ठेवला गेला. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, मी अजून घेतलीच नाही, तू येशील तेव्हा तुझ्याच हातून घेईन म्हणून थांबली हाओ. मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, चांगलं फैलावर घेतलं. भाऊ चहाचा कप धरून हसत होते.

ती दुसऱ्याच दिवशी नागभीडच्या दवाखान्यात जाऊन रांगेत उभी राहिली.