मासोळीवरचा दुसरा हात

नोकरीत पकडलेले कितीतरी चोर मी विसरलो, पण तेल्हारा तालुक्यातला एक चोर नसलेला माणूस अजून डोक्यातून जात नाही.

नापिकीची वर्षं होती. लोकांचा हात आखडला की सोफ्याला पॉलिश कोण करून घेतो? तशात ठेक्यानं दिलेल्या एका गावतलावातलं जाळं कुणीतरी कापलं आणि मासे पळवले. ठेकेदारानं फिर्याद दिली. पाठोपाठ आमचा खबऱ्या आला. पानठेल्यावर त्यानं एका पॉलिशवाल्या मिस्त्रीला बोलताना ऐकलं होतं, "मासोळीवर काल एक हात मारला. दुसरा आज मारतो."

हात मारणं म्हणजे चोरी, हे पोलिसाला वेगळं शिकवावं लागत नाही. हवालदार गेला आणि मिस्त्रीला घेऊन आला. एका बाईंच्या घरी तो शोकेसला पॉलिश करत होता, तिथून त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत उचलला.

"सायेब, मी लोकायच्या घरात शिरून काम करतो," तो आल्या आल्या म्हणाला. "चोर म्हनून नाव झालं तं मले कोन आत घेईन?"

"मासोळीवर हात मारला की नाही?"

"मारला ना. मी कुठं नाई म्हनून राहिलो?"

हवालदारानं जबाबाचा कागद पुढे ओढला. मला मात्र ही कबुली फारच सरळ वाटली. खरा चोर आधी आजारी आईची शपथ घेतो, मग पाणी मागतो.

"दुसरा कधी मारणार होतास?"

"आज सांजेले. मासोळी लय वाळली का मंग दुसरा हात धरत नाई."

"सुकट करून इकते, सायेब," हवालदार माझ्या कानाशी कुजबुजला.

"कशाची मासोळी आहे रे?" मी विचारलं.

"सागवानाची."

हवालदाराचं पेन थांबलं.

दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. खोलीचं दार घट्ट लावलेलं, आत फरशी ओली केलेली. जवळच कापसाचं जिनिंग होतं. उडती रुई ओल्या थरावर चिकटू नये म्हणून हा बंदोबस्त. गणपतीच्या आराशीतल्या चक्राची मोटर संथ फिरत होती आणि तिला रंगवलेल्या लाकडी मासोळ्या टांगलेल्या होत्या. अकोल्याचे काही शौकीन धरणावर गळ टाकायला येत, ते या मासोळ्या त्याच्याकडून करून घेत. खरा मासा फसून त्यांना तोंड घालतो म्हणे. रंगावर पारदर्शक इपॉक्सीचे दोन हात, म्हणजे दोन थर द्यायचे. सगळा गुन्हा एवढाच होता.

"मार दुसरा हात, माझ्यासमोर," मी म्हणालो.

दोन बाटल्यांतलं द्रव सारख्याच मापानं काढून तो सावकाश ढवळू लागला. मी घाई केली तर म्हणाला, "फेटलं का बुडबुडे येतेत, सायेब." ब्रशनं थर लावला, वरून लायटरची ज्योत झरझर फिरवली, तसे उरलेले बुडबुडे फुटले. मोटर फिरती ठेवली नाही तर थेंब पोटाशी जमतो, असं त्यानं सांगितलं. मासोळी आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी चमकायला लागली. मी टोपी काढून स्टुलावर बसलो होतो, तपासाचं भानच राहिलं नव्हतं. एका पंचाला राहवलं नाही, त्यानं बोट लावून पाहिलं. इतका स्वच्छ ठसा मला उभ्या नोकरीत मिळाला नाही.

जाळं कापणारे पुढे दुसऱ्याच गावात सापडले. मिस्त्रीला मी हवालदारासोबत त्या बाईंकडे परत पाठवलं आणि याचा चोरीशी संबंध नाही, असं सांगायला लावलं. बाईंनी काम पुरं करू दिलं, पण तो असेपर्यंत समोर खुर्ची टाकून बसल्या. हे त्यानंच मला सांगितलं. मला वाईट वाटलं, बाईंचा रागही आला. मी माझ्या घरचं कपाट त्याला पॉलिशला दिलं.

त्यानंतर कुणाचंही बोलणं कागदावर घेण्याआधी मी त्याचा धंदा विचारू लागलो. पुष्कळ घोटाळे तिथेच मिटले. पण ठाण्यात एकदा बसवलेल्या माणसाचं काय होतं, ते मला घरी कळलं. पॉलिश चालू असताना माझी बायको विश्वास दाखवायला मुद्दामच घर त्याच्यावर टाकून बाजारात गेली. परत आली तर तो बाहेर ओट्यावर उन्हात बसलेला.

"भाऊ, काम टाकून बाहेर काहून बसले?" तिनं विचारलं.

"घरात कोनी नव्हतं ना, ताई," तो म्हणाला.